भामाचे रविवार

भामाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तो कान तिच्या नवऱ्याने फोडला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, चकली मऊ पडली म्हणून. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती मिरच्या चिरत होती, आणि सांगून झाल्यावर तिने विचारलं, "बाई, ह्या पोरांना एवढं तिखट चालंल का?" मी सुरी तिच्या हातातून काढून घेतली आणि तिच्या नवऱ्याला, अंबाजीला, शोधायला निघाले. तिनेच मला पदराला धरून खाली बसवलं. मी पुण्याची, सुलभा माझं नाव, आणि माझा राग चटकन चढतो हे मला कुणी सांगायची गरज नाही.

मी शिकवायचे तो इंग्रजी संभाषणाचा क्लास हैदराबादेत, नारायणगुड्यात एका साडीच्या दुकानाच्या माडीवर होता. ब्याण्णव-त्र्याण्णवचा हिवाळा होता. देशाने दारं उघडली असं पेपरात रोज छापून येत होतं, घरांवर डिश अँटेना चढत होत्या, आणि आमच्या विजयसरांच्या क्लासात सुदान, येमेन, व्हिएतनाम, मंगोलिया अशा देशांची मुलं यायला लागली होती. हैदराबादेत पदवी घ्यायची आणि त्याआधी तोंडात इंग्रजी बसवायचं, एवढाच त्यांचा हेतू. सरांना मात्र स्वस्थ बसवेना. त्यांनी रंगीत पत्रक छापलं, 'खऱ्या भारतात एक दिवस', आणि दर रविवारी मुलांना खेड्यात न्यायचं ठरवलं. तिथे त्यांनी गावकऱ्यांशी इंग्रजीत बोलायचं. गावकऱ्यांना इंग्रजी येत नाही, ही बाब सरांच्या लक्षात आली नाही, किंवा आली आणि त्यांनी ती माझ्यावर सोडली.

म्हणून भामा. क्लासात मुली होत्या, तेव्हा सोबत एक बाई हवी, स्वयंपाक हवा आणि तेलुगू बोलणारं कुणीतरी हवं. भामाच्या वडिलांचं शेत भालकीकडे होतं. ते सोडून ते अफझलगंजात एका आडतीवर कामाला आले आणि भामा तिथेच वाढली. घरात मराठी, गल्लीत दखनी, बाजारात तेलुगू, तिन्हींत तिची जीभ सारखीच चालायची. आणि गाडी चालवायला तिचा नवरा होताच.

अंबाजी दिसायला देखणा होता, हे मला नाइलाजाने लिहावं लागतंय. केस चापून बसवलेले, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं गोड. अप्पाराव नावाच्या मालकाची मॅटाडोर तो चालवायचा. मुलांना तो फार आवडे. त्यांना उसाच्या फडात नेई, विहिरीत उड्या मारून दाखवी, आणि सगळी त्याला 'अंबाजीभाय' म्हणत. घरी हाच माणूस बायकोला पट्ट्याने मारायचा. भात गार झाला म्हणून, शेजारणीशी बोलली म्हणून, आणि कधी कधी काहीच झालं नाही म्हणून. दार लावून घेण्याची तसदीही घ्यायचा नाही.

रविवारी मात्र तो हात उचलत नसे. परदेशी मुलांसमोर त्याला चांगलं दिसायचं असे. सकाळी गाडीत बसल्यापासून संध्याकाळी उतरेपर्यंत भामाला मार नव्हता. "रविवार माझा हाय, बाई," ती म्हणायची. गाडी शहराबाहेर पडली की तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला मागून दिसायचा. ती हसायची, मोठ्याने, तोंडावर पदर न घेता. सुदानची अमना नावाची उंच मुलगी तिच्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घालायची आणि भामा तिला भाकरी थापायला शिकवायची. दोघींचं इंग्रजी मिळून एका वाक्याचं नव्हतं, पण गप्पा संपत नसत.

हे हसणंच अंबाजीला सलायला लागलं. त्या रविवारी आम्ही निघायच्या आधी त्याने तिला गाडीच्या मागे गाठलं. तो दबक्या आवाजात बोलत होता, पण मी दाराशीच उभी होते. "आजचा शेवटचा रविवार तुझा. उद्यापासून घरात. लई दात दाखवतीस. पुन्हा या लोकांसंगं गाडीत बसलीस तर चालता येणार नाही असं करीन." मी पुढे होऊन म्हटलं, "अंबाजी, तिला क्लासने ठेवलंय, तुम्ही नाही." तो हसला. "मॅडम, नवराबायकोचं आहे, तुम्ही परेशान नका होऊ," म्हणाला आणि इंजिन चालू केलं. भामा माझ्या शेजारी येऊन बसली. रविवार गेला तर तिच्याजवळ काही उरणार नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

आम्ही नेहमी एका तळ्याकाठच्या गावी जायचो. त्या दिवशी अंबाजीने हट्टाने चेवेळ्ळ्याच्या पुढचं दुसरंच गाव धरलं. "तिथं माझी लई वळख हाय, मॅडम. लोक डोक्यावर घेतात मला." मागच्या सीटमागे पोती दिसली म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, मालकाचं जनावरांचं खाद्य आहे, वाटेत टाकायचंय. त्याच पोत्यांवर भामाने जेवणाची पातेली टेकवून ठेवली होती.

गावाच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. त्यांच्या मागे बायका उभ्या होत्या, शेतात जायच्या वेशात, साड्या वर खोचलेल्या. कुणाच्या हातात खराटा, कुणाच्या हातात मुसळ. त्या दिवसांत राज्यभर बायका साऱ्याविरुद्ध उठल्या होत्या. सारा म्हणजे तिकडची गावठी दारू. ती प्लास्टिकच्या पाकिटांतून गावोगाव पोचायची, आणि पुरुष मजुरीचे पैसे तिच्यात घालून घरी येऊन बायकांना बडवायचे. बायकांनी दुकानं फोडली होती आणि आता त्या गाड्या अडवत होत्या. मी हे पेपरात वाचलं होतं. पण आमच्या गाडीशी त्याचा काय संबंध, असंच मला वाटलं.

येमेनच्या सालेहला वाटलं, गाव स्वागताला आलंय. मी थांब म्हणेपर्यंत तो उतरला आणि दोन्ही हात पुढे करून त्याने स्पष्ट, पाठ केलेल्या इंग्रजीत विचारलं, आपण कशा आहात, आपण काय काम करता? एका पोरसवदा बाईने मूठभर मिरचीपूड त्याच्या डोळ्यांत फेकली. त्याची किंकाळी मी जन्मात विसरणार नाही. तो गुडघ्यांवर पडला आणि मातीने भरलेल्या हातांनीच डोळे चोळायला लागला.

मग दगड आला आणि पुढची काच फुटली. गाडीत मुली ओरडत होत्या. मी उतरले, सालेहला ओढायला गेले, तर माझ्या पाठीत खराट्याचा दांडा बसला. मी वळून त्या बाईचा हात पकडला आणि तिला ढकलून दिलं. तिने मला बोचकारलं. आम्ही दोघी बाभळीत पडलो. तोवर बाकीच्यांनी अंबाजीला दारातून खेचून काढलं होतं. त्याची ओळख होती हे खरंच होतं. त्या त्याला नावाने हाका मारून मारत होत्या. त्या काय ओरडत होत्या ते भामाने मला मागून सांगितलं: तो दर आठवड्याला हाच माल घेऊन येत होता, त्यांच्या नवऱ्यांबरोबर बसून पीत होता, आणि आता गाड्या तपासतात म्हणून परदेशी पोरांना पुढे बसवून आला होता. कुणीतरी पोतं बाहेर ओढून सुरीने फाडलं. पाकिटं घळाघळा रस्त्यावर सांडली, त्यांच्यावर भामाची आमटी सांडली, आणि दारूचा वास नाकात गेला.

खराटे त्याच्या तोंडावर पडत होते. इस्त्रीचा शर्ट फाटला. नाकातून रक्त छातीवर आलं. भाग्यलक्ष्मी नावाची एक म्हातारी सगळ्यांच्या पुढे होती. तिचा तरणा मुलगा साऱ्याने गेला होता, हे मला मागून समजलं. तिने मुसळ उचलून त्याच्या पायावर घातलं. अंबाजी आडवा झाला, आणि आडवा पडल्या पडल्या त्याने बोट उचलून भामाकडे दाखवलं.

"मेरेकु कुछ नै मालूम, अम्मा! सब इनेच रखी! बोरे इसके, बेचती इनेच!"

सगळं हिनेच ठेवलं, हीच विकते. पातेली पोत्यांवर भामानेच ठेवलेली होती. बायका क्षणभर थांबल्या आणि गाडीकडे वळल्या. भामाला केसांना धरून बाहेर काढलं. अमनाने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता, तीही सोबत फरफटत आली. पहिला खराटा भामाच्या गालावर बसला आणि तिथली कातडी सोलून निघाली. दुसरा मानेवर. ती खाली पडली तेव्हा कुणीतरी तिच्या पोटात लाथ घातली. मी ओरडत होते, पण तेलुगू मला येत नाही, आणि मराठीतल्या माझ्या शिव्या कुणाला कळणार!

भामा उठली. तिने मार चुकवायला हात वर केला नाही. तिने त्या बायकांकडे पाठ केली, पदर सोडला आणि पोलक्याची बटणं काढून ते खांद्यावरून खाली ओढलं. पाठीवर जुने पांढरे वळ होते, त्यांच्यावर तांबूस, आणि त्यांच्यावर दोन दिवसांपूर्वीचे काळेनिळे. एका ठिकाणी पट्ट्याचं बक्कल चौकोनी उमटलेलं दिसत होतं. उगारलेले खराटे खाली आले. भाग्यलक्ष्मीने जवळ येऊन त्या चौकोनावर बोट टेकवलं. मग अंबाजीकडे मान वळवून विचारलं, हा तुझा नवरा का? भामा म्हणाली, हो.

म्हातारीने मुसळ तिच्यापुढे धरलं. "नुव्वे कोट्टु," म्हणाली. तूच मार.

दोन बायकांनी अंबाजीला उचलून बसवलं आणि त्याचा उजवा हात गाडीच्या फळीवर दाबून धरला. तो आता रडत होता. "भामे, मी तुझा नवरा हाय गं. भामे, जरा माझ्याकडं बघ." ती त्याच्याकडेच बघत होती. तिने मुसळ घेतलं, पण ते तसंच धरून उभी राहिली. आणि मी, मुलांना दिवसभर 'प्लीज' आणि 'थँक यू' शिकवणारी मी, घसा फाटेपर्यंत ओरडले, "मार, भामा! मार त्याला!" मला त्याची आजही लाज वाटत नाही.

तिने मारलं. दोन्ही हातांनी मुसळ डोक्याच्या वर नेऊन, धान्य कांडताना खाली आणतात तसं खाली आणलं. हाड मोडल्याचा आवाज आला. तिने पुन्हा उचललं आणि पुन्हा मारलं, त्याच हातावर, मनगटावर, बोटांवर. त्याच्या किंकाळ्या थांबल्या, तो बेशुद्ध पडला, तरी ती मारत होती. ज्या बायकांनी त्याचा हात धरला होता, त्याच शेवटी हात सोडून मागे सरल्या. मुसळ भाग्यलक्ष्मीनेच काढून घेतलं. "चालु, बिड्डा," ती म्हणाली. पुरे, बाळ.

मग त्याच बायकांनी घागरी आणल्या. सालेहचे डोळे धुतले, ताकाच्या पट्ट्या ठेवल्या, भामाच्या गालाला हळद लावली. पाकिटं फोडून रस्त्याकडेला ओतली. परतीला गाडी अमनाने चालवली. ती खार्तूममध्ये वडिलांचा मालट्रक चालवायची म्हणे. फुटलेल्या काचेतून धूळ तोंडावर येत होती. मागे अंबाजीचं डोकं भामाच्या मांडीवर होतं.

अफझलगंजच्या सरकारी दवाखान्यात त्याला ठेवलं. डॉक्टरांनी दोन बोटं काढली आणि बाकीचा हात प्लास्टरमध्ये घातला. पोलीस आले नाहीत. अंबाजीने कुणाचं नाव घेतलं नाही, कारण नाव घेतलं असतं तर पोत्यांचंही घ्यावं लागलं असतं. अप्पारावने दुसरा ड्रायव्हर ठेवला. विजयसरांनी मला बोलावून सांगितलं की सहली थोडे दिवस बंद, पण भामा पुन्हा येणार असेल तर तिची जागा राखून ठेवू. हे सांगायलाच मी एका दुपारी दवाखान्यात गेले. मला वाटलं, ती खूश होईल.

भामा खाटेशेजारी स्टुलावर बसली होती. गालावर खपली धरली होती. ती अंबाजीला वरणभात भरवत होती. मी उभी राहून सांगितलं, रविवार तुझाच आहे, आता अडवणारं कुणी नाही. तिने मान हलवली आणि घास उचलला. घास उचलताच अंबाजीने डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली. घास तोंडाशी आल्यावर त्याने हळूच डोळे उघडले आणि खाल्ला. मग तिने ताटली बाजूला ठेवली आणि नुसता, रिकामा हात वर उचलला. त्याने पुन्हा डोळे मिटले. तिने हात खाली घेतला आणि परत उचलला. तो खाटेच्या कडेला सरकला. भामाच्या चेहऱ्यावर हसू होतं.

मी तिचं मनगट धरलं तशी ती दचकून उठली, नळावर गेली आणि कितीतरी वेळ हात धूत राहिली.

"बाई, सकाळपासून असंच करते मी," ती म्हणाली. "मला लई बरं वाटतंय. इतकं बरं मला आजवर कधीच नव्हतं वाटलं." मग तिने नळ बंद केला. "त्यालाबी असंच बरं वाटत असंल का, बाई? माझ्यावर हात उचलताना?"

तिने ओले हात लुगड्याला पुसले, वॉर्डच्या आयाला त्याला उरलेला भात भरवायला सांगितलं आणि म्हणाली, "मला दिलसुखनगरला सोडा. तिथं पोरींच्या हॉस्टेलात स्वयंपाकाला बाई पाहिजे म्हणं. मी हिथं राहिले तर रोज हात उचलीन." तिने खाटेकडे वळून पाहिलं नाही. खाटेवरून अंबाजी तिला हाक मारत होता, आणि ती जिन्याशी पोचली होती.