विठूबाबांनी सांगितलेलं नाव

धारगळला हायवेच्या कडेला आमचं ऑफिस होतं. कारखान्यांना कामगार पुरवायचे, हा धंदा. बी.कॉम. झाल्यावर केरीहून मी तिथं सहा महिन्यांसाठी इंटर्न म्हणून गेले. पहिल्या सकाळी मुलाखतीच्या तयारीनं बसले होते, पण ऑफिसातले सगळ्यांत जुने विठूबाब यांनी माझ्या मार्कशीटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "चल बाय," म्हणाले आणि मला मागच्या काजूच्या झाडाखाली घेऊन गेले. तिथं गावसीमेचा काळा दगड होता. त्यावर एक उंडा पाव आणि विडी ठेवून, माझं नाव घेऊन ते राखणदाराला, म्हणजे घुंगरांची काठी आपटत रात्री गावसीमेवर फिरणाऱ्या देवाला, म्हणाले, "हे केरीचें चेडूं. आजपासून हांगा कामाक आसा. हिका सांबाळ."

मला हसू आवरेना. भरतीशास्त्राच्या पुस्तकात हा धडा नव्हता. पण प्रत्येक नव्या माणसासाठी ते हे करीत, मग तो कोल्हापूरचा असो की बेळगावचा. माणूस काम सोडून गेला की पुन्हा जाऊन तसं सांगत. "आयलो तरी सांगूचां, गेलो तरी सांगूचां. ना तर तो सोदीत रवता," हे त्यांचं ठरलेलं बोलणं; न सांगता गेलेल्याला राखणदार शोधत राहतो म्हणे. आणि एक नियम होता. ज्यानं आल्याचं सांगितलं, गेल्याचंही त्यानंच सांगायचं. दुसऱ्या कुणाचं राखणदार मनावर घेत नाही.

एरवी विठूबाब अगदी साधे. उमेदवाराला पहिला प्रश्न विचारायचे तो जेवलास का, हा. कारखान्याचा मॅनेजर फोनवर चढ्या आवाजात बोलू लागला की शांतपणे म्हणायचे, "हांवें मनीस धाडलां, मशिनीचो पार्ट न्हय." भरती म्हणजे काय ते मी त्यांच्याकडून शिकले आणि त्यांच्यावर माझा जीव जडला.

मी स्वतः निवडलेला पहिला कामगार म्हणजे बेळगावकडचा मारुती. विठूबाबांनी आग्रह केला म्हणून दगडापाशी त्याचं नाव मीच सांगितलं. चौथ्या दिवशी तो गावी पळाला. मी कॉम्प्युटरवर त्याच्या नावापुढे ‘सोडून गेला’ असं टाकलं आणि विसरले. पंधरवड्यानं त्याचा फोन आला. आवाज पार बसला होता.

"मॅडम, रोज फाटेचं दाराफुडं कोणतर काठी आपटतंय. घुंगरं वाजत्यात. ड्युटीवर चल म्हणतंय. आवाज तुमचाच हाय. माझं नाव कमी करा बघा."

विठूबाबांना सांगितलं, तर ते रागावले नाहीत. मला पाव आणि विडी आणायला लावली आणि स्वतः चार पावलं लांब उभे राहिले. "नाव तुवें घातलां, तुवेंच काढूचां," एवढंच म्हणाले. मी मारुती गेल्याचं सांगितलं. त्यानंतर त्याला काही ऐकू आलं नाही. मी मात्र हसायचं सोडून दिलं.

इंटर्नशिप संपल्यावर तिथंच कायम झाले. गेल्या काजूच्या मोसमात विठूबाब लाटंबार्शाच्या आपल्या बागेत पडले, ते उठलेच नाहीत. मी घरचं माणूस गेल्यासारखी रडले. त्यांच्या रिकाम्या टेबलासमोर बसवेना. पुण्याच्या एका भरती कंपनीत मोठी नोकरी मिळाली, तशी मी राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी दगडापाशी गेले. उंडा ठेवला, विडी ठेवली आणि तोंड उघडल्यावर लक्षात आलं की माझं नाव इथं मी नाही, विठूबाबांनी सांगितलं होतं. तरी मी जाते म्हणून सांगितलं, हात जोडले आणि बस पकडली.

पुण्यातल्या खोलीवर आज नववी पहाट. दाराबाहेर काठी आपटते, घुंगरं वाजतात आणि मग कोणीतरी हळूच म्हणतं, "चल बाय."

मला भीती वाटायला हवी. पण आवाज विठूबाबांचा आहे. आज मी आतून ‘हांव येतंय’ म्हणून बसले.