बाबांची पट्टी, माझा दंड

बाबांच्या हृदयाचं औषध मी एकदा सगळ्या मोहल्ल्यासमोर स्वतःला लावून घेतलं. ते उत्तम काम करतं.

तेव्हा मी भोंदूगिरीविरुद्ध पत्रकं वाटायची. (लिहायचीही मीच. एका पानात सोळा उद्गारचिन्हं!) शहपुऱ्याच्या बाजारात पंधरा दिवस गंडे-ताईतांवर गरजून जबलपूरला घरी आले, तर बाबांच्या छातीवर एक चौकोनी पट्टी चिकटवलेली!

"हे काय?"

"हृदयाचं औषध," आई म्हणाली. "चामडीतून आत जाते. रक्ताच्या नळ्या सैल होतात म्हणे. बसल्या बसल्या झोपायचे ना बिचारे, आता आडवे झोपून राहिले!"

औषध गिळतात किंवा टोचतात; चिकटवतात तो चमत्कार, असा माझा सिद्धांत.

"कोणी फसवलं तुम्हाला?"

"हॉस्पिटलच्या डॉक्टरनी दिली," बाबा शांतपणे म्हणाले.

"मग त्यांनाही कोणीतरी फसवलं!"

आमच्या चळवळीची रीतच होती: ताईत लोकांसमोर स्वतः बांधायचा, काही होत नाही हे दाखवायचं, मग फेकायचा. मी अंगणात शेजारी गोळा केले आणि डब्यातली नवी पट्टी दंडावर चिकटवली.

"काही झालं नाही, तर अख्खा डबा कचऱ्यात!"

"नको पोरी," बाबा म्हणाले. "धडधाकट माणसाचं प्रेशर उतरते त्यानं. काहून हट्ट करून राहिली?"

तासभर मी भाषण ठोकलं. डोकं ठणकायला लागलं, म्हटलं, संताप. तोंड तापलं, म्हटलं, ऊन. "दिसलं? काही नाही!" असं ओरडत, डबा घेऊन फेकायला ताडकन उठले, आणि अंगण गरकन फिरलं!

"अरे, बिटिया तो गई!" शेजारच्या शुक्ला चाची किंचाळल्या.

चार पायऱ्यांत दोनदा थांबणारे माझे बाबा! त्यांनी पट्टी ओढून काढली, ओल्या फडक्यानं दंड पुसला, माझे पाय उचलून खुर्चीवर ठेवले. "रडू नको, डॉक्टरला फोन लाव," हे आईला. रागाचा एक शब्द नाही.

"डोकं दुखते?"

"फुटतंय, बाबा."

"माझंही पहिला आठवडा असंच दुखलं. पण श्वास आला ना, बाई. चलो, म्हटलं, दुखू दे."

आठवडाभर! हा माणूस कोणाला बोललासुद्धा नव्हता, आणि मी तासाभरात भुईसपाट.

दुसऱ्या दिवशी दारात हीऽ गर्दी! सगळ्यात पुढे शुक्ला चाची. "बिटिया, इतनी असरदार पट्टी! एक हमारे घुटने के लिए!" एवढ्या लोकांना मी आजवर कधीच काही पटवलं नव्हतं.

शेवटी पत्रक काढणं भाग पडलं: 'डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दुसऱ्याच्या औषधाला हात लावू नका!' बाबांनी चष्मा लावून मजकूर वाचला.

"अच्छा आहे. वर फक्त एक फोटो टाक."

"डॉक्टरांचा?"

"तुझा. उभा नको, आडवा."