दहा बोटांचे ठसे

पोर्तुगालला लेकीकडे कायमचं राहायचं, तर माझ्यावर कुठलाही गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला हवा होता, आणि त्यासाठी दहाही बोटांचे ठसे. मालवणात ते घेणारा हवालदार कागदांविषयी साहेबी मराठीत बोलायचा. बोट हातात घेतलं की मालवणीत. खडकावरची कालवं, म्हणजे शिंपले, फोडून विकण्यात माझा जन्म गेला. माझे ठसे पुसट म्हणून दोनदा परत आले, तेव्हा तो म्हणाला, "बाये, कालवां फोडून फोडून रेघो झिजल्यो तुझ्यो. आठ दिवस कालवांक हात लावू नको. खोबरेल लाव."

तिसऱ्या खेपेला माझ्याआधी चोरीच्या संशयावरून आणलेला एक माणूस होता. त्याने बोटं ताठ धरली होती. हवालदाराने नेहमीप्रमाणे आधी स्वतःचे हात धुतले, मग त्याला म्हणाला, "सैल सोड रे. फिरवूचा काम माझा." ठसे झाल्यावर त्याचं एकेक बोट तेलाच्या फडक्याने पुसूनही दिलं. मग पुन्हा हात धुऊन माझी बोटं घेतली, अगदी तशीच, तितक्याच हळू. चोराला आणि मला एकच माप! मला रागच आला.

दोन्ही कागद खिडकीत वाळत होते. नावं पाठीमागे होती आणि मला माझा कागद काही ओळखता येईना. त्याने न उलटता एक उचलला, अंगठ्याच्या ठशातल्या बारीक पांढऱ्या रेषेवर नख ठेवलं.

"ह्यो तुझो. हंय कालव लागला हुता तुका."

लग्नाच्या पहिल्या वर्षातली जखम ती. माझ्या नवऱ्यानेही कधी पाहिली नव्हती.