इमामबीचा हात

आमच्या आळीत कुणाची कोंबडी खुडूक बसली की पहिली हाक इमामबी चाचीला जायची. चाची यायची ती कुरकुरतच. पाटी फुटकी, राख ओली, भुसा जनावरानंही तोंड लावलं नसतं असा. प्रत्येक घरात दहा खोड्या काढायची. मग पाटीत राख-भुसा पसरायची, वीज कडाडली तरी अंडी बिघडू नयेत म्हणून तळाला एक खिळा ठेवायची, आणि बिस्मिल्ला म्हणून एकेक अंडं मांडायची. अकरा नाहीतर तेरा, बारा कधीच नाही. एकविसाव्या दिवशी पिलं निघाली की त्यातलं एक तिचं. नवरा बाबाजान पिंजारी वारल्यापासून तिचं घर या पिलांवर चाललं होतं, आणि तिचा तोराही. वीस वर्षांत तिच्या हातची पाटी वाया गेली नव्हती.

मी तिला कोंबड्यांची सुईण म्हणायचो. तिनंही माझं उट्टं काढलं होतं: कळपातल्या सगळ्यात कलकलाट करणाऱ्या कोंबडीला माझ्या बायकोचं, चांगुणेचं, नाव ठेवलं होतं. संध्याकाळी खुराड्यात कोंबड्या कोंडताना ती मुद्दाम मोठ्यानं हाक मारायची आणि चांगुणा दारातून ओ द्यायची. आळी हसायची.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सगळे जामखेडच्या रस्त्यावर खडी फोडायला जात होतो, तेव्हा कोंबड्यांत मर आली. माना मुरगळून चार दिवसांत चाचीचं खुराडं रिकामं झालं. एक तांबडी तेवढी वाचली. महिन्याभरानं तांबडी खुडूक बसली आणि चाचीच्या चेहऱ्यावर पुन्हा रक्त आलं. ही पाटी निघाली की कळप पुन्हा उभा राहणार होता. पण तिच्याकडं कोंबडा उरला नव्हता, म्हणून अंडी आमच्या घरची घ्यायची ठरली; आमच्या कोंबड्या आणि कोंबडा मरीतून वाचले होते. चांगुणेनं ताजी अकरा अंडी निवडली आणि माझ्या हाती दिली. तिथंच चुकली.

आदल्या दिवशी मी नगरला गेलो होतो. तिथं पोल्ट्रीची पांढरीधोप अंडी मिळाली होती. माझ्या डोक्यात आलं, तांबडीच्या मागं पांढरी पिलं धावायला लागली तर चाची गावभर काय काय विचारत फिरेल. मी ती अंडी गार कोऱ्या चहात बुडवून ठेवली. चांगली गावरान दिसायला लागली. तीच चाचीला नेऊन दिली. घरची अकरा खडीच्या कामावर उकडून गड्यांना वाटली. लोक दुवा देत होते.

चाचीनं पाटी मांडली. रोज जाता-येता मी विचारायचो, सुईणबाई, कितवा दिवस? ती बोटं दाखवायची.

पंधराव्या दिवशी मला पुन्हा नगरला जावं लागलं. ही अंडी उबवली तर पिलं पांढरीच निघतात ना, असं मी त्या अंडीवाल्याला सहज विचारलं. तो हसून म्हणाला, पोल्ट्रीत कोंबडाच ठेवत नाहीत, पिलं कुठून निघणार. ही नुसती खायची अंडी.

येताना एस्टीत मी ठरवलं होतं की उतरल्याबरोबर सांगायचं. तांबडी अजून बसलेली होती, खाली दुसरी अंडी घालता आली असती. पण चाची दारात शेजारच्या केशरबाईला सांगत होती, पाटी निघाली की अंड्यावर येणारी पहिली तलंग तुलाच देईन म्हणून. मी नुसतं कितवा दिवस विचारलं आणि घरात गेलो.

एकविसावा दिवस गेला. बाविसावा गेला. तेविसाव्या दिवशी चाचीनं कोमट पाण्यात अंडी सोडली. आत जीव असला तर अंडं पाण्यात हलतं. मी शेजारीच उभा होतो. चहाचा रंग सुटला तर आपण धरले जाऊ, म्हणून मी पाण्यावरची नजर काढली नाही. रंग सुटला नाही. अकराच्या अकरा अंडी पाण्यावर गप तरंगत राहिली. चाची बराच वेळ आपल्या तळहाताकडं बघत होती.

तांबडी रिकाम्या पाटीवरून उठेना. वाळून पार पिसासारखी झाली होती. पाच-सहा दिवसांनी तीही गेली.

पाऊसपाणी झालं, आळीत पुन्हा कोंबड्या दिसायला लागल्या. केशरबाईची कोंबडी खुडूक बसली तशी ती चाचीला बोलवायला आली. चाचीनं नाही म्हटलं. माझ्या हाताचा गुण उतरलाय, म्हणाली, तुझी अंडी कशाला नासवू.

त्या दुपारी मी जाऊन सगळं सांगितलं. पोल्ट्री, चहा, खडीवरची उकडलेली अंडी, सगळं. चाची हसली. किती दिवसांनी हसली.

“मला बरं वाटावं म्हून किती सोंगं करशील, मच्छिंदर?”

“चाची, आईशपथ खरं हाय.”

“नगरचा अंडीवाला तुला कवा भेटला म्हनलास?”

“पंधराव्या दिशी.”

“म्हंजे ठावं असून तू आट दिस माझ्या दारावरनं गेलास? कितवा दिस, कितवा दिस करीत?” तिनं मान हलवली. “न्हाई रं बाबा. चेष्टेखोर हाइस, पर इतका वाईट न्हाईस तू.”

तिनं आत जाऊन मला पाणी आणून दिलं, ते मी प्यालो.

केशरबाईनं अंडी स्वतःच मांडली. चाची आपल्या उंबऱ्यावर बसून तिकडं बघत होती. एकदा उठली, दोन पावलं गेली, आणि हात पदरात गुंडाळून परत येऊन बसली.