पाइप कुणाच्या हातात

बागा लावून देणाऱ्या त्या बाईंना सगळे हमीमावशी म्हणत. झाड लावून झालं की हाताची माती झटकत त्या बजावायच्या, "वर्षभरात मेलं तर नवीन आणून लावीन. पण पाणी तुमचं. त्यात कुचराई केलीत तर हमी विसरायची." मग पाण्याचा पाइप गिऱ्हाइकाच्या हातात देऊन पहिलं पाणी त्याच्याकडूनच घालून घ्यायच्या. भलेभले साहेब बूट भिजवून घेत, पण नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

आणि अशा बाईंचंच कुंपण वाळावं! एका इमारतीच्या फाटकापासून जिन्यापर्यंत त्यांनी कुंपणाची झुडपं लावली होती. काही महिन्यांत निम्मी वाळून गेली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी अंगणातच सभा बोलावली.

"रोपंच रद्दी होती," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "आमचं पाणी एक दिवस चुकलेलं नाही. आजूबाजूच्या इमारतींनाही सांगणार आहे, ह्या बाईंना दारात उभं करू नका."

मावशींचं ना दुकान, ना पाटी. एका घराने दुसऱ्या घराला नाव सांगायचं, एवढ्यावरच त्यांचं पोट चाललेलं.

त्यांनी एक वाळकं झुडूप उपटून पाहिलं. मुळांचा गड्डा विटेसारखा कोरडा. पानांवर मात्र पाण्याचे पांढरे डाग. कुणीतरी नेमाने पानांना आंघोळ घातली होती आणि मुळं तहानेने मेली होती.

हे कुणाचं काम, तेही त्यांच्या लगेच ध्यानात आलं. गर्दीच्या मागे सेक्रेटरींचे वडील काठी टेकून उभे होते. आजारपणापासून घरचे त्यांना कशाला हात लावू देत नसत. पाणी घालायचं काम त्यांनी भांडून मिळवलेलं, आणि रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते त्यासाठी खाली उतरायचे. मावशींनी येताजाता लांबून पाहिलं होतं.

खरं बोलावं तर म्हातारा माणूस चारचौघांत तोंडघशी पडणार आणि पाइप त्याच्या हातून जाणार. न बोलावं तर आपला धंदा बसणार. जन्मात कधी ऐकून न घेतलेल्या मावशी मूग गिळून उभ्या राहिल्या.

"आता का बोलत नाही?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मी बोलतो," मागून आवाज आला. आजोबा वाट काढत पुढे आले. "पाणी मी घालायचो. पानं कशी लख्ख धुऊन काढायचो. मुळाशी जायला हवं होतं का हो, बाई?"

"हो," मावशी हळूच म्हणाल्या.

"मग रोपं चांगलीच होती. वाळवली मी."

"बाबा, तुम्ही वर चला बघू."

"वर मग जाईन. आधी ह्यांची माफी माग."

सेक्रेटरींनी माफी मागितली, पुटपुटत का होईना. मावशींचे डोळे भरून आले. इतकी वर्षं त्या झाडांची हमी देत आल्या होत्या, पण खुद्द त्यांची हमी द्यायला असं कुणी उभं राहिलं नव्हतं.

"चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "पाइप मी सेक्रेटरींच्या हातात दिला. पाणी खरोखर कोण घालणार, हे विचारलंच नाही."

मग ठरलं, नवी रोपं सोसायटीने आणायची आणि मावशींनी ती फुकट लावून द्यायची. पुढच्या आठवड्यात रोपं लागली. सवयीने सेक्रेटरी पाइप घ्यायला पुढे झाले. मावशी त्यांना वळसा घालून गेल्या. त्यांनी एक रिकामा क्रेट उलटा ठेवला, आजोबांना त्यावर बसवलं आणि पाइप त्यांच्या हातात दिला.

"खाली धरा. बुंध्याशी. मातीतून बुडबुडे यायचे थांबले की पुढचं झाड."

आजोबा मान खाली घालून मातीकडे बघत राहिले. बूट भिजले, तरी उठले नाहीत.

"ह्यांची हमी किती, बाई? वर्षभर?"

"नाही आजोबा," मावशी म्हणाल्या. "तुम्ही पाणी घालताय तोवर."