बनूबाईच्या फराळाची पांढरी खोकी

कमळाकर भोईर जगातल्या यच्चयावत माणसांना अडाणी समजत असे. दुकानदार अडाणी, कारण ते सण उंबऱ्यावर आल्याशिवाय जाहिरातीला येत नाहीत. गिऱ्हाईक अडाणी, कारण ते जाहिरात वाचून दुकानात जातात. आणि पालेगाव, जिथे त्याचा जन्म झाला, ते तर अडाण्यांचं माहेरघरच. गावची जमीन बिल्डरला गेली, तेव्हा वाटणीतून त्याने बदलापूरला फ्लॅट घेतला, अंबरनाथ पूर्वेला एका जिन्याखाली टेबल टाकलं आणि वर पाटी लावली, 'कमळाकर पब्लिसिटी'. त्या दिवसापासून आपण गावचे राहिलो नाही, असं त्याने ठरवून टाकलं. गावाचं काय मत आहे ते विचारायला तो गेला नाही.

त्याची अक्कल म्हणावी तर एका फ्लेक्सपुरती होती. वर गणपती, मध्ये दुकानदाराचा गोरा केलेला फोटो, खाली शुभेच्छा. दसरा सरला की आपट्याची पानं पुसून पणत्या टाकायच्या, दिवाळी सरली की पणत्या पुसून पतंग. कोपऱ्यात मात्र स्वतःचा मोबाईल नंबर, दुकानाच्या नावाहून ठसठशीत. श्रावणात त्याची आई गेली, तेव्हा या दिवट्याने गावच्या नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. आईचा फोटो, त्याखाली 'शोकाकुल', आणि त्याखाली लाल अक्षरांत 'सर्व प्रकारचे फ्लेक्स अर्जंट करून मिळतील'. गावाने वाचलं आणि तोंड फिरवलं. त्याला मात्र त्या फलकावरून एका लग्नाचं काम मिळालं, आणि ते तो कौतुकाने सांगत फिरला.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा त्याची मावशी बनूबाई त्याच्या जिन्याखाली येऊन उभी राहिली. ही त्याच्या आईची धाकटी बहीण. हाताला चव अशी, की पालेगावात कुणाच्याही लग्नघरी तिच्याशिवाय कढई चढत नसे. गावच्या जमिनीवर उठलेल्या नव्या टॉवरच्या समोर तिच्या दिराचा, धोंडिबाचा, एक गाळा होता. तिथे तिने फराळ विकायला ठेवला होता. धोंडिबाने एकच अट घातली होती. दिवाळीत चाललं तर गाळा तिच्याकडे राहील, नाही तर सिमेंटवाला टपूनच बसलाय. आणि गाळ्यात डबे भरून फराळ होता, पण टॉवरमधलं कुत्रंही फिरकलं नव्हतं.

"कमलाकर, टावरवाल्यांना कलाला पायजे रं," बनूबाई म्हणाली. "माजा फराल येकदा खाल्ला ना, मंग येतील ती. पन दुकानान पाय ठेवला पायजे."

"मावशी, आता आलीस? लास्ट मोमेंटला? मार्केटिंग म्हणजे काय भाजीला फोडणी देणं आहे का?" असं म्हणून त्याने तिला जिन्याखाली ताटकळत उभं ठेवलं आणि मग उपकार केल्यासारखं सांगितलं, "सॅम्पल वाटू. घरोघर. तू फक्त माल दे, बाकी माझ्यावर सोड."

तिने सोडलं. बहिणीचा मुलगा, दुसऱ्या कुणावर सोडणार?

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये एका व्यापाऱ्याकडे कोरी पांढरी खोकी पडून होती. ती त्याने उचलली, त्यांत दोन चकल्या, एक लाडू, मूठभर चिवडा भरला आणि वसुबारसेला पहाटे स्कूटरवरून टॉवरच्या फाटकाशी गेला. वॉचमनने त्याला आत सोडलं नाही. चिठ्ठी आणा म्हणाला, सेक्रेटरीला विचारा म्हणाला. कमळाकर वॉचमनलाही अडाणी म्हणाला, पण हळू, आणि स्कूटर वळवली. आता खोक्यांचं करायचं काय? समोर पालेगाव झोपलेलं होतं. फुकटचं मिळालं की गावठी माणूस बोंबलत सुटतो, हीच खरी जाहिरात, असं त्याच्या डोक्यात आलं. त्याने हाक न मारता दारोदारी उंबऱ्यावर एकेक खोकं ठेवलं, प्रत्येकाचा फोटो काढला आणि चहा प्यायला निघून गेला.

आता पालेगावात शेंबडं पोरही सांगेल की हाक न मारता उंबऱ्यावर फराळ कुठे ठेवतात. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं, त्या घरात दिवाळीचं तळण होत नाही. मग सोयरे डबा नेतात. दुखवट्याच्या घरी हाक मारायची नाही, आणि निघताना 'येते' म्हणायचं नाही. डबा ठेवायचा आणि मुकाट्याने वळायचं.

पहिलं दार उघडलं ते मोतीबाईचं. तिचा नवरा चंदू छातीचं ऑपरेशन होऊन नुकता घरी आला होता, आत खाटेवर पडून होता. मोतीबाईने उंबऱ्यावरचं पांढरं खोकं पाहिलं आणि अशी किंचाळली, की सगळी आळी बाहेर आली. बाहेर आली तर प्रत्येकीच्या दारात तेच.

चकली बघताच हात कुणाचा ते आळीने ओळखलं, आणि ऊन वर यायच्या आत बायका खोकी घेऊन बनूबाईच्या गाळ्यावर धडकल्या.

"माजे घरान कोन मेलाय गो?" मोतीबाईने खोकं तिच्यापुढे धरलं. "माजा मानूस जिता हाय! तू डबा ठेवतंस माजे दारान?"

बनूबाईला आधी काही समजेचना. मग तिने खोकं पाहिलं आणि रस्त्यापलीकडे मान वळवली. समोरच्या टपरीवर टेम्पोच्या आडोशाला कमळाकर उभा होता. त्याने तिची नजर चुकवली. पुढे यायची त्याची छाती झाली नाही. एवढा शहाणा माणूस, पण पाच-पन्नास अडाणी बायका चिडल्यावर टेम्पोमागे दडून राहिला.

बनूबाईला वाटलं, संपलं सगळं. गाव तुटलं, गाळाही गेला. पण ती पुढे झाली. मोतीबाईच्या हातातलं खोकं काढून घेतलं, त्यातला लाडू फोडून अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला, आणि दुसरा अर्धा मोतीबाईच्या तोंडापुढे धरला.

"दारानचा नको खाऊ. माजे हातानचा खा. चंदूदाजीला शंबर वर्सं आविष्य."

मोतीबाई रडली, मग तिने तोंड उघडलं. दारात ठेवलेला फराळ दुखवट्याचा, हाताने भरवलेला पाहुणचाराचा, हे कुणी कुणाला सांगायला नको होतं. बनूबाईने सगळ्यांना पायरीवर बसवलं आणि एकेकीला भरवलं. हा उद्योग कमळाकरचा, हे तिच्याकडून कळल्यावर बायका त्याच्या सात पिढ्या उद्धरत खाऊ लागल्या.

टॉवरच्या गॅलऱ्यांतून लोक आधीपासूनच भांडण बघत होते. फुकटचा तमाशा कुणाला नको? पण भांडणाची पंगत झालेली पाहून त्यांना राहवेना. गाऊनवर ओढण्या घेऊन बायका खाली उतरल्या, काय चाललंय म्हणून विचारू लागल्या, आणि बनूबाईने त्यांच्याही हातावर चकली ठेवली. संध्याकाळी डबे रिकामे झाले. धोंडिबा येऊन बघून गेला आणि गाळ्याची दुसरी किल्ली तिच्या हातात देऊन गेला.

गर्दी आपल्या सोयीची आहे असं दिसल्यावर कमळाकर टेम्पोमागून बाहेर आला. त्याने व्हिडिओ काढला आणि 'आमच्या पब्लिसिटीचा रिझल्ट' असं लिहून सगळीकडे पाठवला. लाज नावाची वस्तू त्याच्या टेबलावर कधी छापून मिळत नव्हती.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी त्याची बायको वांगणीला माहेरी गेली होती. त्याने बदलापूरच्या फ्लॅटच्या दारात मोठा आकाशकंदील लावला होता, त्यावर स्वतःचं नाव आणि नंबर. तोरण बांधायला म्हणून त्याने दार उघडलं, तर उंबऱ्याशी बनूबाई वाकलेली. तिने स्टीलचा डबा ठेवला आणि वळली.

आभार मानायला आली, असं त्या शहाण्याला वाटलं. त्याने मोबाईल पुढे धरला.

"मावशी, थांब, थांब! दोन शब्द बोल ना. कमळाकरमुळे दुकान चाललं, एवढंच बोल."

बनूबाई जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली होती. तिने वर आकाशकंदिलाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"अगं, निदान आत तरी ये! साधी हाक नाही मारलीस?"

"या घरची बाई गेली शावनान," बनूबाई म्हणाली. "नाक्यावर येवडा फलक लागलेला. वाचला नाय काय तू?"

आणि 'येते' न म्हणता ती खाली उतरून गेली.