दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही: म्हैसूरमधले चार दिवस

म्हैसूरला जायचं ठरवताना मी सुधीरला रीतसर विचारलं होतं. तो "हो" म्हणाला. त्याला तसा काही अर्थ नव्हता, कारण गेले आठ महिने माझा नवरा सगळ्यालाच "हो" म्हणतोय. चहा हवा? हो. चहा नको? हो. मेंदूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालायला लागला आणि आयुष्यभर बँकेच्या काउंटरवर बोलबोल बोललेल्या माणसाकडे हा एकच शब्द उरला. आमच्या स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, "काकू, तुम्ही त्यांचं सगळं करता. त्यांना स्वतःहून काहीतरी हवंसं वाटायला पाहिजे, नाहीतर शब्द यायचे कशाला?" मला राग आला. पण बाई खरं बोलत होत्या. आठ महिन्यांत त्यानं स्वतःहून एक चमचाही उचलला नव्हता. त्याचं मन परत येणारच नाही की काय, अशी भीती मला वाटायला लागली होती.

म्हैसूरचं सुचवलं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं. मी एकतीस वर्षं सांगलीच्या शाळेत चित्रकला शिकवली. तिनं कळवलं की तिथल्या चामराजपुरम भागात पद्मिनीबाई म्हणून एक जण आहेत, त्या चार दिवस झाडाझुडपांत बसवून मनातून येईल ते चित्र काढायला लावतात. विषय नाही, नमुना नाही, गुण नाहीत. मनाला बरं वाटतं, असं लोक सांगतात. मला हे थोतांड वाटलं. पण पुढच्या वाक्यानं मी तिकिटं काढली: तिथं सगळ्यांना डाव्या हातानं रंगवायला लावतात.

मिरजेहून म्हैसूरला थेट गाड्या आहेत, आरक्षण महिनाभर आधी करा. आजारी माणूस बरोबर असेल तर स्वच्छतागृहाजवळचा खालचा बर्थ मागून घ्या, लाजू नका. मी गोळ्या, बीपीचं यंत्र, जास्तीचे सदरे असा संसार घेतला होता. सुधीरच्या प्रत्येक चांगल्या सदऱ्याच्या खिशात नाव, पत्ता आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी टाचली होती. त्याचं पाकीट आणि फोन माझ्या पर्समध्ये. घरातून निघतानाच मी दहा वेळा सगळं तपासलं.

पद्मिनीबाईंचं घर चामराजपुरमच्या स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. पुढे ओटा, मागे चिकूचं झाड. बाई सत्तरीच्या, उभ्या बांध्याच्या. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या घोडदळातून इथे आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, म्हणजे त्यांच्या मते मराठी. "बन्नी, बन्नी, या," त्यांनी सुधीरला हाताला न धरता आत घेतलं. मी धरायला गेले तर म्हणाल्या, "येतात की ते. तुमी पिशवी आत ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नऊ जण परसात बसलो. बाकीचे बहुतेक कन्नड बोलणारे, आणि एक ऋजुता, मूळची नाशिकची, आता म्हैसूरच्याच विजयनगर भागात राहणारी, संगणकातली नोकरी करून झोप उडालेली मुलगी. पद्मिनीबाईंनी नियम सांगितले.

"पेन्सिल नाही, खोडरबर नाही. आधी तासभर झाडाजवळ गप्प बसायचं. मग डाव्या हातानं रंग. उजवा हात शाळेत जाऊन आलाय, त्याला सगळं माहीत. डावा अजून लहान पोर आहे, त्याला खेळू द्या. आनि दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही. त्याबद्दल बोलायचं नाही. चांगलं म्हणून पण बोलायचं नाही. आयितू? कळलं?"

मी मान डोलावली. तासभर चिकूखाली बसले, पण माझं सगळं लक्ष सुधीरकडे. मग डाव्या हातानं मी एक नारळाचं झाड काढलं आणि डाव्या हाताच्या मानानं ते झकास जमलं. बाई माझ्यामागून गेल्या, काही बोलल्या नाहीत. खोटं कशाला सांगू, मला ते लागलं. सुधीरचा कागद मात्र कोराच राहिला. तीन तास तो कोऱ्या कागदासमोर बसून होता आणि मी मनातल्या मनात त्याच्या हातात ब्रश कोंबत होते.

दुपारी देवराज मार्केटला गेलो. म्हैसूरला याल तर राजवाड्याआधी हे बघा. केळ्यांचे घड, मोगऱ्याच्या माळा आणि ताटांत शिखरासारखे रचलेले कुंकवाचे आणि रांगोळीचे रंग. एका ताटासमोर सुधीर थांबला आणि हलेनाच. त्याच्या पायाला त्रास होईल म्हणून मी त्याला ओढून डोसा खायला नेलं. डोसा लोण्याचा, मऊ, नारळाची चटणी, दोघांचं दीडशेच्या आत झालं. चटणीत बुडवून एकेक घास मी त्याला भरवला. शेजारच्या टेबलावरचा माणूस बघत होता. बघू दे, म्हटलं.

तिसरा दिवस जवळच्या देवस्थानाचा, नंजनगूडचा. चामराजपुरमहून पॅसेंजर मिळते, तासाच्या आत पोचवते आणि तिकीट इतकं स्वस्त आहे की दोनदा विचारून खात्री केली. दोघांचं तिकीट आणि उरलेली नोट मी सुधीरच्या हातात दिली, सुधीरनं दोन्ही पँटच्या खिशात टाकली. बँकेतला माणूस, चिठोरंसुद्धा फेकत नाही. कपिला नदीच्या काठी, देवळाच्या गर्दीपासून लांब, पद्मिनीबाईंची ठरलेली जागा आहे. ऋजुता तेवढी तिच्या गाडीनं आली. बसण्याआधी त्यांनी नदीला हात जोडले आणि आम्हालाही जोडायला लावले. "रंगाचं पाणी तिचं. मागून घ्यायचं." रंग सांडतील म्हणून मी सुधीरचा चांगला सदरा काढून जुना चढवला.

आणि त्या दिवशी त्यानं ब्रश उचलला.

कुणी सांगितलं नव्हतं. तासभर पाण्याकडे बघून झाल्यावर त्याचा डावा हात आपणहून निळ्यात गेला. मी माझ्या कागदाकडे बघायचं सोंग करत होते, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून सगळं दिसत होतं. त्यानं कागदाच्या वरच्या कडेपासून एक जाड बुंधा खाली ओढला. मग फांद्या, त्याही खाली. मग खाली पसरलेला पाला, सगळा निळा, थरथरता. झाड उलटं. बुंधा वर, शेंडा खाली.

देवा, याला आता वरखालीसुद्धा कळेनासं झालं? एवढीच शुद्ध उरली होती, तीही गेली?

पुढचं मी कसं केलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. एकतीस वर्षं मी मुलांच्या हवेत लटकलेल्या घरांखाली, झाडांखाली, हत्तींखाली एक रेघ मारत आलेय. जमिनीची रेघ. पहिलीतल्या मुलाला पहिल्यांदा शिकवतो ती हीच. जित्याची खोड. मी वाकले, माझ्या ब्रशनं त्याच्या कागदावर तळाशी तपकिरी रेघ ओढली आणि त्या रेघेतून एक बुंधा वर, त्याच्या निळ्या पाल्यात नेऊन जोडला. "असं बघ," मी म्हटलं, "आता उभं राहिलं की नाही?"

सुधीरनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हो," म्हणाला. आणि ब्रश खाली ठेवला.

पलीकडे ऋजुताचं तोंड उघडं पडलं होतं. पद्मिनीबाई लांब होत्या. मला एकदम शरम वाटली, आणि शरम वाटली की मी कामाला लागते, हा माझा स्वभाव. सगळ्यांनी बाजूला ठेवलेले ब्रश गोळा करून मी नळावर धुवायला गेले. दहा मिनिटांनी परत आले तर सुधीरची जागा रिकामी.

आधी वाटलं, लघवीला गेला असेल. पाच मिनिटं गेली. मग मी हाका मारायला लागले, आणि हाका मारता मारता आठवलं: चिठ्ठी चांगल्या सदऱ्यात. अंगात जुना सदरा. पाकीट आणि फोन माझ्या पर्समध्ये. अनोळखी गाव, अनोळखी भाषा, आणि ज्या माणसाला कुणी काहीही विचारलं तरी तो फक्त "हो" म्हणणार.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. समोर नदी होती.

"नीट ऐका," पद्मिनीबाईंनी माझे दोन्ही खांदे धरले. "ऋजुता गाडी घेऊन बसस्टँडवर जाऊ दे. मी घाटावर विचारते, सगळे ओळखीचे आहेत मला. तुमी इथंच थांबा, ते परत आले तर?"

"मी थांबू? मी इथं थांबू?" मी ओरडले.

"होय. स्वल्प कठीण आहे. पण थांबा."

कुठल्या दिशेला गेला असेल ते कळावं म्हणून मी त्याच्या जागेवर जाऊन बसले. तिथून त्याला जे दिसत होतं ते मला पहिल्यांदा दिसलं. पलीकडच्या काठावर एक मोठं झाड होतं, आणि पाण्यात त्याचं प्रतिबिंब. बुंधा वर, शेंडा खाली, सगळं थरथरतं. त्याला वरखाली उत्तम कळत होतं. तो पाण्यातलं झाड काढत होता, अगदी जसंच्या तसं, आणि मी, चित्रकलेची बाई, त्या पाण्यात जमीन घालून आले होते.

मी तिथं बसून रडले. मग उठले आणि पाण्यात बघत काठाकाठानं चालायला लागले. प्रत्येक तरंगणारी वस्तू मला सदरा वाटत होती. एकानं विचारलं काहीतरी, मी खुणेनं उजवा पाय ओढून दाखवला, त्यानं मान हलवली. ऋजुताचा फोन आला, बसस्टँडवर नाहीत, देवळाच्या रस्त्यालाही नाहीत, स्टेशन रिकामं आहे. एक तास गेला. दोन गेले. देवा, त्याला शेवटचं मी काय म्हटलं, तर असं बघ. आणि तो काय म्हणाला, तर हो.

शेवटी तिघी जमून पोलिसांकडे जायला निघालो तेवढ्यात पद्मिनीबाईंचा फोन वाजला. त्यांनी कन्नडमध्ये काही ऐकलं आणि माझ्याकडे वळल्या. "माझ्या शेजारणीचा फोन. तुमचे पाहुणे आमच्या ओट्यावर बसलेत म्हणाली. तिनं कॉफी दिलीय."

काखेत कळसा आणि नदीला वळसा! ऋजुतानं गाडी किती वेगानं हाकली ते विचारू नका. पोचल्यावर गाडी थांबायच्या आधी दार उघडलं आणि ओट्यापाशी उभी राहून सुधीरवर असा तोंडाचा पट्टा सोडला की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. कुठं गेला होतास, काही झालं असतं तर, मला सांगून जाता येत नाही का!

त्यानं शांतपणे खिशातून दोन तिकिटं काढून ओट्यावर ठेवली. एक सकाळचं, एक दुपारचं. कसं जमवलं असेल ते आम्ही नंतर जुळवलं: त्यानं नंजनगूडच्या खिडकीवर जुनं तिकीट आणि ती नोट सरकवली असणार, त्या माणसानं चामराजपुरम वाचलं असणार. बोलायची गरजच पडली नाही. तो हरवला नव्हता. रागावून घरी आला होता, जसा कुठलाही माणूस येतो.

मी डोळे पुसले आणि दाराच्या पायऱ्या चढवण्यासाठी त्याचा दंड धरला.

"नको," सुधीर म्हणाला.

स्पष्ट. आठ महिन्यांतला दुसरा शब्द. मी दंड तसाच धरून उभी.

"ऐकलं नव्हं?" पद्मिनीबाई मागून म्हणाल्या. "मग सोडा की."

मी सोडला. कठड्याला धरून तो तीन पायऱ्या चढला, त्याला बराच वेळ लागला आणि तेवढ्या वेळात मी माझे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले होते. संध्याकाळी मी पद्मिनीबाईंची माफी मागितली, तर म्हणाल्या, "परवागिल्ला, असू दे. पण माझी कशाला मागता?" मग सुधीरची मागितली. तो "हो" म्हणाला. त्या वेळचा हो मला कळला.

चौथ्या दिवशी त्यानं तीन कागद भरले. काय काढलं ते सांगणार नाही, नियम आहे. माझ्या कागदावर नुसते डाग आले आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी ते तसेच राहू दिले.

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर पावसाळा संपल्यावर जा, बसायला पातळ सतरंजी न्या आणि चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. सुधीर बरा झालेला नाही. आता हो आणि नको असे दोन शब्द आहेत, आणि नको जास्त वेळा येतो. सदरा घालताना नको. भाजी वाढताना नको. परवा तर माझ्या बहिणीला तोंडावर नको म्हणाला. थेरपिस्ट खूश आहेत. मला दिवसातून दहा वेळा राग येतो आणि अकराव्या वेळी हसू येतं. झाडं, नदी, रंग यांत देव असतो की नाही, यावर मी अजून वाद घालीन. पण आपण किती जोरात दुसऱ्याचं आयुष्य नीट करत असतो ते मला नदीकाठी दिसलं, आणि ते आता न दिसल्यासारखं करता येत नाही.

आज सकाळी हे लिहायला बसले तेव्हा सुधीरनं संपलेली रंगाची बाटली मला दाखवली, चप्पल घातली आणि दाराकडे निघाला. मी येऊ का, असं विचारायला तोंड उघडलं होतं. त्याआधीच तो नको म्हणाला. दुकान त्याच्या चालीनं पंधरा मिनिटांवर आहे, मध्ये एक मोठा रस्ता ओलांडावा लागतो. त्याला जाऊन आता पन्नास मिनिटं झालीत. खिडकीतून फाटक दिसतं, फाटकाशी कुणी नाही. मी अजून खुर्चीतून उठलेले नाही.